घरच्या घरी लाकडी फर्निचर : पहिला रॅक करायचाय, सुरुवात कुठून करू?

बाल्कनीतला_सुतार

मंडळी, पुस्तकांसाठी एक उघडा रॅक स्वतः करायचा आहे. भिंतीलगत अडीच फूट रुंद जागा आहे, उंची पाच फुटांपर्यंत चालेल. कामाला ८ बाय ४ फुटांची बाल्कनी आहे आणि दुपारी २ ते ४ सोसायटीत आवाज बंद. हाताशी फक्त १३ मिमीचं इम्पॅक्ट ड्रिल.

शंका अशा:
१) प्लाय घ्यावा की अस्सल लाकूड? दुकानदार ‘७१०च घ्या’ (मरीन प्लाय) म्हणतोय.
२) सुरुवातीला कोणती हत्यारं खरंच लागतात? मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम भागतं असं ऐकलंय.
३) पुढे सागात काहीतरी करायची इच्छा आहे. त्याची तयारी कशी करावी?

मापासकट सांगितलंत तर फार बरं होईल.

---

अर्धा_सूत

बाल्कनी ८ बाय ४, प्लायची शीटही ८ बाय ४. शीट आत ठेवली की तुम्ही बाहेर! तेव्हा घरी शीट कापायचा विचारच सोडा. पॅनल सॉ (अख्खी शीट सरळ कापणारं यंत्र) असलेलं प्लायचं दुकान शोधा आणि तुकडे तिथूनच कापून आणा. नवशिक्याचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा लांब सरळ कापात, आणि तेवढाच भाग यंत्रावर दोन मिनिटांत होतो.

१८ मिमीची एक शीट पुरते. शीट म्हणजे २४४० × १२२० मिमी. आधी लांबीच्या दिशेने ३०० मिमी रुंदीच्या चार पट्ट्या काढायला सांगा. पात्याची जाडी दर कापाला ३ मिमीच्या आसपास खाते, म्हणून १२२० भागिले ४ बरोबर ३०५ असा हिशेब कागदावरच राहतो. ३०० धरलं की कडेची एखादी दबलेली धारही कापून जाते. पट्ट्या लांबीतच हव्यात, कारण वरच्या पापुद्र्याच्या रेषा बहुतेक शीटमध्ये ८ फुटांच्या दिशेने जातात आणि फळीची ताकद त्या रेषांच्या लांबीत असते.

रॅक बाहेरून ७५० रुंद, १५०० उंच. दोन बाजू १५०० च्या. फळ्या पाच, प्रत्येकी ७१४ (७५० वजा दोन बाजूंचे १८-१८). पहिल्या पट्टीतून १५०० + ७१४, दुसरीतून तेच, तिसरीतून ७१४ चे तीन तुकडे. चौथी पट्टी उरते. तिच्यातून पुढची ७१४ × ६० ची पायपट्टी निघेल, बाकीचं पुढे लागणारच आहे.

दुकानात एक गोष्ट ठासून सांगा : पाचही फळ्या यंत्राचा अडसर न हलवता, एकाच मापावर कापायच्या. सगळ्या ७१३ आल्या तरी रॅकचं काही बिघडत नाही. चार ७१४ आणि एक ७१२ आली की ती एक फळी बाजूंना आत ओढते आणि वरखाली फटी पडतात.

आता जोडणी. तळाची फळी जमिनीपासून ६० मिमी वर. पाच फळ्यांचे ९० मिमी आणि खालचे ६० वजा केले की १३५० उरतात, म्हणजे चार कप्पे प्रत्येकी ३३७.५ मिमीचे. ए-फोर आकाराचं पुस्तक उभं मावतं. दर कप्प्याला टेप लावून खुणा करत बसू नका. चौथ्या पट्टीतून ३३७.५ चे दोन ठोकळे कापा, दोन्ही अगदी सारखे. तळाची फळी बसली की तिच्यावर दोन टोकांना ते उभे करायचे, त्यांवर पुढची फळी टेकवायची आणि स्क्रू मारायचे. तेच ठोकळे वर सरकवत जा. ठोकळे अर्धा मिमी चुकले तरी चूक दोन्ही बाजूंना सारखीच होते, फळी तिरकी होत नाही.

स्क्रू ८ नंबरचे, ५० मिमी लांब, पिवळे चिपबोर्ड स्क्रू. दर सांध्याला तीन, एकूण ३०. पैकी दोन कडांपासून ४० मिमी आत, तिसरा मधोमध. बाजूच्या फळीतलं भोक ४.५ मिमीचं आरपार, आणि आडव्या फळीच्या धारेत ३ मिमीचं, ३० मिमी खोल. ही दोन वेगळी भोकं चुकवायची नाहीत. बाजूच्या भोकात स्क्रू सैल फिरला तरच तो पुढच्या फळीला ओढून घेतो. तिथेही आटे अडकले तर मधे केसाएवढी फट राहते आणि कितीही आवळलं तरी ती मिटत नाही. धारेत भोक न पाडता स्क्रू घुसवला तर प्लायचे थर फाकतात आणि फळी फुगते. तो स्क्रू नंतर काही धरत नाही. डोकं बुडवायला काउंटरसिंक बिट घ्या. ड्रिलवर हॅमर मोड बंद आणि वेग कमी, नाहीतर बिट घसरून स्क्रूची चौकट खाऊन टाकेल.

फेविकॉल धारेवर बोटाने पातळ पसरा. स्क्रू आवळल्यावर कडेने बारीक मणी आले म्हणजे पुरेसं लागलं. ते लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या डागावर पॉलिश चढत नाही, तिथे कायमचा फिका ठिपका राहतो.

शेवटी पाठ : ६ मिमी प्लाय, ७४८ × १४३८. ती ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. बरोबर गुण्यात, म्हणजे काटकोनात, असेल तर दोन्ही १६७७ येतात. एक जास्त भरला तर त्याच कर्णाची दोन टोकं एकमेकांकडे दाबा, माप जुळलं की दर १५० मिमीवर तारखिळा. पाठ एकदा बसली की रॅक आयुष्यभर त्याच आकारात राहतो, गुण्यात असो वा तिरपट.

---

वखारवाली

प्लायपुरतं माझं मत दुकानदारापेक्षा थोडं वेगळं आहे. कोरड्या खोलीतल्या पुस्तकांना ७१० कशाला? आयएस ७१० हा मरीन प्लाय. त्याच्या चिकट्याची कसोटी ७२ तास उकळत्या पाण्यात होते. आयएस ३०३ मधल्या बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या) प्रतीची ८ तास. सिंकखाली, बाथरूमला लागून किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर ७१० घ्या. बाकी घराला ३०३ बीडब्ल्यूआर पुष्कळ झाला.

आकड्यापेक्षा शिक्का बघा. ‘७१०’ नुसतं छापायला काही पडत नाही. आयएसआय चिन्ह आणि त्यासोबतचा परवाना क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. मग शीट उभी करून चारही धारा बघा. थरांमध्ये पोकळ फट दिसली किंवा एक थर दुसऱ्यावर चढलेला दिसला तर ती शीट परत. नेमक्या त्या पोकळीत तुमचा स्क्रू जाणार. एका टोकाला डोळा लावून लांबीतही बघा, धनुष्यासारखी वाकलेली शीट स्क्रूने सरळ होत नाही. भाव चौरस फुटावर सांगतात, शीटचे ३२ चौरस फूट धरा.

सनमायका लावणार असाल तर दोन्ही अंगांना. एकाच अंगाला लावला की फळी काही आठवड्यांत वाकते, कारण उघडी बाजू हवेतला दमटपणा घेते-सोडते आणि बंद बाजू तशीच राहते. बाहेरून १ मिमी, आतून ०.८ मिमी अशी जोडी सगळीकडे चालते. मात्र मग फळीची जाडी जवळपास २० मिमी होते. वरचा हिशेब १८ चा आहे. सनमायका आधी लावून मग कापणार असाल तर सगळी मापं पुन्हा काढा.

---

धारदार

मार्बल कटरबद्दल स्पष्टच लिहितो : नको. सुतार ते सर्रास वापरतात हे खरं, पण ते यंत्र दगड घासून कापण्यासाठी आहे. फेरे मिनिटाला १२-१३ हजार. लाकडाच्या पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो यापेक्षा कमी असला तर ते पातं त्यावर चढवायचंच नाही. चिरेत पातं आवळलं गेलं तर यंत्र मागे अंगावर उसळतं. अँगल ग्राइंडरला दातेरी पातं लावणं तर हात घालवायचा धंदा आहे.

शीट दुकानात कापून आली तर घरी उरतात छोटे आडवे काप. त्याला १८-२० इंची हातकरवत पुरते. आवाजही नाही, दुपारी २ ते ४ मध्येसुद्धा चालेल. कापाच्या रेघेवर आधी मास्किंग टेप चिकटवा आणि टोकदार कटरने रेघ खोलवर ओढा, म्हणजे पापुद्रा उचकटत नाही. करवत रेघेवर नाही, रेघेच्या टाकाऊ बाजूला. हातकरवतीला चांगली बाजू वर ठेवायची. पुढे कधी सर्क्युलर सॉ किंवा जिगसॉ घेतलात तर चांगली बाजू खाली, कारण त्यांचे दाते खालून वर येतात आणि चिरफाड वरच्या अंगाला होते.

यादी छोटी आहे. ५ मीटरचा टेप, १२ इंची स्टीलचा गुण्या, करवत, ३ आणि ४.५ मिमीचे बिट, काउंटरसिंक, पीएच-२ (फुलीच्या खाचेचा) स्क्रू बिट, चार एफ-क्लॅम्प (निदान दोन २४ इंची), एक इंची पटाशी, पॉलिश पेपर १२०, १८० आणि २२०. रंधा साग घ्याल तेव्हा. टेपचं टोकाचं आकडं (हूक) किंचित हलतं, तो दोष नाही. आतून आणि बाहेरून मोजताना आकड्याची जाडी भरून निघावी म्हणून ते सैल ठेवलेलं असतं. फक्त सगळं काम एकाच टेपने करा.

नवा गुण्या दुकानातच तपासा. सरळ धारेला लावून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन्ही एकावर एक आल्या तर ठीक. फाकल्या तर दिसणारी फट ही खऱ्या चुकीच्या दुप्पट असते.

पटाशी नवी असली तरी तिला धार नसते, नुसता आकार असतो. जाड काचेवर ४०० चा वॉटर पेपर पाण्याने चिकटवा. आधी पात्याची सपाट पाठ टोकाकडून २० मिमीपर्यंत घासा, आरशासारखी एकसंध चमक येईपर्यंत. पुष्कळजण हे सोडून नुसता उतार घासतात आणि मग धार दोन मिनिटांत जाते. उताराचा कोन मोजायला कोनमापक नको : उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट असली की ३० अंश. ४ मिमी जाड पात्याला ८ मिमी. ४०० नंतर १०००, मग २०००. पाठीवर बोट फिरवून बारीक कोर लागते का बघा, ती धारेच्या पूर्ण रुंदीत लागली की समजायचं घासणं टोकापर्यंत पोचलं. ती कोर दोन्ही अंगांनी हलकेच घासून काढा. पाइनच्या तुकड्याच्या आडव्या टोकावर पातळ काप निघाला आणि खाली चकचकीत पृष्ठ राहिलं म्हणजे धार लागली. पांढुरका, चुरगळलेला भाग दिसला तर पुन्हा काचेवर.

फिरत्या यंत्राशी काम करताना हातमोजे, ओढणी, सैल बाह्या नकोत. घासताना एन-९५ मास्क, विशेषतः एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) असेल तर.

---

पाणसळ

साग शिकायचा तर पहिली वस्तू पाट. गंमत म्हणून सांगत नाही. एक फळी, खाली दोन पट्ट्या, एवढंच काम, पण लाकूड हलतं कसं हे ज्याला पाटात कळलं त्याचं पुढचं टेबल फाटत नाही.

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा ३०० मिमी रुंदीला कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत २-३ मिमी फुगतं. पाटाच्या खालच्या पट्ट्या फळीला आडव्या असतात, म्हणजे पट्टीची लांबी आणि फळीची रुंदी एकाच दिशेला. पट्टी हलत नाही, फळी हलते. पट्टी पूर्ण लांबीत फेविकॉल लावून पक्की केली तर पावसाळ्यात पाट कमानीसारखा फुगेल, नाहीतर पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये मधोमध तडकेल. ‘लाकूड कच्चं होतं’ म्हणून जे खापर फोडतात त्यातलं बरंचसं याच सांध्याचं असतं.

माप : फळी ४५० × ३०० × २५, पट्ट्या २८० × ४० × २०. प्रत्येक पट्टीला तीन स्क्रू, ३८ मिमीचे. पट्टीचे २० गेले की फळीत १८ उरतात, वरून टोक बाहेर येत नाही. मधलं भोक गोल, ४.५ मिमी. टोकाकडची दोन भोकं लांबट : ४.५ ची दोन भोकं पट्टीच्या लांबीत शेजारी शेजारी पाडा आणि बारीक गोल कानशीने मधली भिंत काढा, ९ मिमी लांब खाच होईल. स्क्रू खाचेच्या मधोमध, डोक्याखाली वॉशर. आवळा, मग पाव फेरा सोडा. फेविकॉल लावायचाच तर फक्त मधल्या इंचभर जागेत. आता फळी मधोमध धरलेली राहते आणि दोन्ही कडांना मोकळी सरकते.

टेबलाची वरची फळी चौकटीला बसवायची पद्धत हीच, फक्त माप मोठं. साडेचारशे मिमी रुंदीला ४ मिमीपर्यंत हालचाल धरा.

३०० रुंदीची सलग फळी महाग पडते आणि वाकायलाही सोकावलेली असते. दीडशेच्या दोन जोडा. जोडाच्या धारा रंधताना दोन्ही फळ्या पुस्तकासारख्या मिटून क्लॅम्पमध्ये धरा आणि दोन्ही धारा एकदमच रंधा. रंधा एका अंगाला थोडा कलला तरी उघडल्यावर दोन्ही कोन एकमेकांना भरून काढतात आणि पाट सपाटच येतो. मग एकावर एक उभ्या धरून उजेडाकडे बघा, प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा रंधा. रंधा अडकून पोपडे निघायला लागले की तुम्ही रेषांच्या उलट जाताय, फळी फिरवा.

वखारीत भाव घनफुटावर. लांबी फुटांत गुणिले रुंदी इंचांत गुणिले जाडी इंचांत, भागिले १४४. रंधून एक इंच हवी तर चिरलेली फळी सव्वा इंच घ्यायची. दीड फूट × १२ × सव्वा इंच म्हणजे ०.१६ घनफूट. पट्ट्या आणि वाया जाणारं धरून पाव घनफूट मागा. एवढ्यासाठी नवा ओंडका कोणी चिरणार नाही, तुकड्यांच्या ढिगातून निवडा. जुन्या दारा-खिडक्यांचा साग मिळाला तर उत्तम, तो मुरलेला असतो. फक्त रंध्याआधी चुंबक फिरवून लपलेले खिळे शोधा. कडेचा पांढरा भाग सोडून गाभ्याचं लाकूड घ्या. भुंगा आधी पांढऱ्यालाच लागतो.

आणलेलं लाकूड लगेच कापू नका. घरात मधे पट्ट्या घालून, हवा खेळेल असं रचा. आर्द्रतामापक नसला तर एक फळी दर आठवड्याला सामान तोलायच्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की ती घरच्या हवेला रुळली.

सरावाला पॅकिंग खोक्यांचं पाइन स्वस्तात मिळतं. त्यावर शिक्का बघा : ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने निर्जंतुक केलेलं, गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते घरात आणू नका.

---

बाल्कनीतला_सुतार

सगळ्यांचे आभार. प्लाय ३०३ ठरला, मार्बल कटर रद्द. दोन शंका राहिल्या. रुंदी ७५० ऐवजी ९०० केली तर चालेल का, जागा थोडी वाढवता येईल. आणि रॅक भिंतीला धरावा लागेल का? इमारत नवी आहे, भिंती त्या हलक्या राखाडी ब्लॉकच्या आहेत.

---

अर्धा_सूत

९०० नको. पुस्तकांचं वजन फळीच्या लांबीच्या मीटरला २५-३० किलो भरतं. फळी ७१४ ची ८६४ झाली की तिला मध्ये येणारं पोट दुपटीहून जास्त होतं, कारण ते लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. ९०० करायचंच असेल तर प्रत्येक फळीच्या पुढच्या धारेखाली ४० मिमी उंचीची सागाची पट्टी उभी लावा, नाहीतर मधे एक उभी फळी द्या. त्यापेक्षा ७५० ठेवा, एका शीटमध्ये बसतोय तो हिशेब मोडू नका.

---

पाणसळ

भिंतीला धरायलाच हवा. ३०० खोल, १५०० उंच, वरच्या कप्प्यात जाड पुस्तकं. लहान मूल चढलं की सरळ अंगावर.

खाली स्कर्टिंगच्या लादीमुळे रॅक भिंतीपासून १०-१२ मिमी पुढेच उभा राहील. तसाच राहू द्या. वर भिंत आणि रॅक यांच्या मधे नेमका तेवढ्याच जाडीचा प्लायचा तुकडा भरा आणि तिथे दोन एल-अँगल लावा, वरच्या फळीवर. पाठीच्या ६ मिमी प्लायला अँगल लावून उपयोग नाही. हलक्या ब्लॉकमध्ये हॅमर मोडने भोक पाडू नका, भुगा होऊन भोक दीडपट मोठं होतं. साध्या फिरण्यावर पाडा. साधा छोटा रावळ प्लग त्यात गुळगुळीत फिरत बसतो. या हलक्या ब्लॉकना एएसी म्हणतात, त्यांच्यासाठीचे लांब प्लग मिळतात, १० मिमी जाडीचे, ते मागा.

आणि दोन्ही बाजूंच्या तळाशी पीव्हीसीचे बूश (पायाखालचे टेकू) ठोका. प्लायची उघडी धार रोज लादी पुसताना पाणी पिते आणि दोन पावसाळ्यांत तळ फुगतो. बूश ठोकण्याआधी त्या धारेवर फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात मारा, वाळू द्या, मग दुसरा.

---

वखारवाली

पॉलिशचं कोणी लिहिलं नाही म्हणून. रॅकला चपडा लाख चालेल. लिटरभर स्पिरिटला २०० ग्रॅम, रात्रभर भिजवून फडक्याने गाळा. पातळ हात चार-पाच, मधे २२० ने हलकं घासून. पावसाळी हवेत करू नका, पृष्ठावर पांढुरकी झाक येते. पाटाला मात्र लाख नको, गरम ताट ठेवलं की गोल डाग उठतो. त्याला पीयू (पॉलियुरेथेन). जवसाचं उकळलेलं तेल वापरलंत तर तेलाची फडकी बोळा करून टोपलीत टाकू नका. ती वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मगच फेका.